दात बरे होईपर्यंत

"नाव?" वंदनाताईंनी विचारलं.

"कुसुमावती आदगोंडा मगदूम. वय बासष्ट," आईनं सांगितलं.

मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. वंदनाताई माझ्या दवाखान्यात सात वर्षं कामाला होत्या आणि आई त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आमच्याबरोबर राहायची. दिवसातून दोनदा दोघींच्या गप्पा व्हायच्या. तरीही आईनं रीतसर केसपेपर काढला, बाकावर बसली, तिच्या आधीच्या दोघांचं होऊ दिलं आणि नंबर आल्यावरच आत आली. खुर्चीवर चढून तिनं पदर सारखा केला.

"काय होतंय?" मी विचारलं. मला हसू येत होतं.

"काय होत न्हाई, शीतल. सगळे दात बघ. जे काय करायचं ते आत्ताच करून टाक. मागनं करता येणार न्हाई."

"मागनं म्हणजे कधी?"

"माघात दीक्षा घ्यायची म्हणतोय मी."

आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी 'येतो, जातो' असंच बोलतात. माझी बायको स्वरूपा सोलापूरची. लग्न झाल्यावर पहिले सहा महिने तिला आईच्या बोलण्याची गंमत वाटायची. त्या दिवशी मात्र ते वाक्य ऐकून माझं हसू जागच्या जागी राहिलं.

आम्ही दिगंबर जैन. जयसिंगपूर आणि आसपासच्या गावांत दीक्षा ही काही अप्रूपाची गोष्ट नाही. कुणाचे मामा मुनी असतात, कुणाची आत्या आर्यिका, म्हणजे साध्वी. दुसऱ्याच्या घरात असं काही झालं की आपण हात जोडतो, मिरवणुकीत चालतो, घरी येऊन जेवतो. वडील गेल्यापासून तीन वर्षांत आई एकेक गोष्ट सोडत चालली होती. आधी गादी, मग चपला, मग संध्याकाळचं जेवण. मला वाटायचं, हिचं समाधान होतंय ना, होऊ दे. कुठंतरी ती थांबेल असं मी धरून चाललो होतो. डॉक्टर असूनही माणूस घरच्या बाबतीत किती बेसावध असतो, त्याचा मी उत्तम नमुना आहे.

"आर्यिका झाल्यावर दात घासायचे नसतात," आई मला समजावू लागली, जसं काही मला माहीतच नव्हतं. "एकदा जेवायचं, वंजळीत. जेवताना केस दिसला, किडा दिसला, रक्त दिसलं, की अंतराय. हात सोडायचे आणि उठायचं. मग पाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी. उपाशी राहायचं मला भ्या न्हाई. पण दाताच्या कळा काढत स्वाध्याय व्हायचा न्हाई. दीक्षा देणाऱ्या माताजी म्हणाल्या, पोरगा दाताचा डॉक्टर हाय, त्याच्याकडनं सगळं करून घे, मग ये."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"दाताला?"

"दीक्षेला."

ती वरच्या दिव्याकडं बघत राहिली. "तुझे वडील न्हाईत. मांडवात विचारतात, घरच्यांची संमती हाय का. तुला उठून सांगावं लागंल. जबरदस्ती न्हाई." मग ती म्हणाली, "ते मागचं मागं. आधी दात. तू दात बरे झाले म्हणालास की मी दिवस धरतो. त्याच्या आधी न्हाई. हे माझं ठरलं."

हे तिनं माझ्यासाठीच ठरवलं असावं, मला सवय व्हायला वेळ मिळावा म्हणून. मी मात्र ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

मी दात तपासले. सव्वीस होते. एका दाढेत कीड होती, ती साफ करून भरली. सगळे दात स्वच्छ केले. खरी अडचण हिरडीलगत होती. आई चाळीस वर्षं बदामाच्या टरफलांची राखुंडी वापरत आली होती, बोटानं, आडवी, जोर लावून. आजूबाजूच्या बायका तिच्या शुभ्र दातांचं कौतुक करायच्या. पण त्या घासण्यानं दातांच्या मुळाशी खाचा पडल्या होत्या. वरचं कवच झिजून आतला नाजूक भाग उघडा पडला होता. मी हवेचा बारीक फवारा मारला तशी तिनं खुर्चीचे हात आवळले.

"गार पाण्यानं होतं का असं?"

"गार, गरम, गोड. सवय झालीय."

दवाखान्यात लावायचा एक लेप माझ्याकडं होता, पण त्यात लाख होती, आणि लाख म्हणजे किड्यांची. तो विषय मी काढलाच नाही. दुकानात मिळणारी साधी पेस्ट तिनं दोन वर्षांपूर्वी आठवडाभर वापरली होती. पुदिन्याच्या झोंबण्यानं तोंडभर फोड आले. त्यात मंदिरात कुणीतरी सांगितलं की पेस्टमधली ग्लिसरीन जनावराच्या चरबीची असते. झालं. राखुंडी परत आली.

तेव्हा मला हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटची पेस्ट सुचली. आपल्याकडं ती तेव्हा नवीनच होती. मी उत्साहानं सांगायला लागलो.

"आई, दाताचं वरचं कवच ज्या द्रव्याचं असतं ना, तेच ह्या पेस्टमध्ये असतं. अगदी बारीक कण. ते झिजलेल्या जागी जाऊन बसतात, बारीक छिद्रं बुजतात, कळ थांबते. बाहेरचं काही नाही. आपल्या दातात, हाडात असतं तेच."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण शंभर पेशंटना मी ते तसंच सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते आवडायचं. जैन आईच्या पोटी जन्मलेल्या जैन डॉक्टरनं ते जैन आईला सांगायला नको होतं.

आईनं तोंड मिटलं. "हाडाचं?"

"हाडाचं नाही. हाडात असतं तसं. हे कारखान्यात करतात, चुनखडी आणि फॉस्फरसपासून."

"सगळ्या पेस्टीत तसंच करतात?"

माझी नजर समोरच्या कपाटाकडं गेली. तिथं एक छोटी बाटली होती. मिरजेहून सर्जन यायचे, ते कृत्रिम दात बसवताना जबड्यात भरण्यासाठी ती वापरायचे. तिच्यातली पूड गाईच्या हाडांपासून केलेली होती, आणि रसायन म्हणून नाव हेच.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

"बघ. नीट बघ. घाई न्हाई."

दिवाळी नुकतीच झाली होती. मी कामाला लागलो, आणि सुरुवातीला अगदी प्रामाणिकपणे लागलो हे मला सांगितलं पाहिजे. बाजारात मिळतील त्या पाच ट्यूब मागवल्या. पेस्ट निवडणं हे काम एवढं किचकट असेल असं मला वाटलं नव्हतं. एकीच्या खोक्यावर ते लांबलचक नाव ठळक अक्षरात, आणि मागच्या यादीत ते शेवटी, सुगंधाच्याही खाली. म्हणजे नावाला चिमूटभर. दुसरीवाले किती टक्के घातलंय ते सांगेनात, गुपित आहे म्हणाले. तिसरीनं 'नैसर्गिक' लिहिलं होतं. नैसर्गिक म्हणजे कशापासून, असं विचारल्यावर चार दिवसांनी उत्तर आलं, अंड्याच्या कवचापासून. चौथी परदेशी, तिथून उत्तरच नाही.

पाचवी एका लहान कंपनीची होती. फोन तिथल्या केमिस्टनंच उचलला, खांबेटे नावाच्या गृहस्थांनी. मी माझे प्रश्न विचारले, आणि कशासाठी विचारतोय तेही सांगितलं.

"त्या दीक्षा घेणार म्हणून तुम्ही पेस्ट शोधताय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दहा टक्के आहे आमच्यात. आमच्याच प्रयोगशाळेत बनवतो, प्राणिज काही नाही. ग्लिसरीन वनस्पतीची. पुदिना नाही, थोडी बडीशेप आहे. सगळं लेखी देतो तुम्हाला."

आठव्या दिवशी पत्र आलं, सही-शिक्क्यासकट. तोवर मी ती पेस्ट स्वतः वापरून बघितली होती. झोंबत नव्हती, फेस थोडा, चव सौम्य. फ्लोराइडइतका जुना अनुभव ह्या द्रव्याच्या पाठीशी नाही हे मला माहीत होतं, पण आईच्या दुखण्याला आणि आईच्या नियमांना ती तंतोतंत बसत होती. मला हवी ती पेस्ट मिळाली होती.

पत्र मी दवाखान्यात उभ्याउभ्या वाचलं. मग घडी घातली आणि टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या एक्स-रेंच्या खाली ठेवून दिलं. ठरवून केलं नाही. हातानं केलं आणि मी बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं विचारलं, "मिळाली का रे पेस्ट?"

"चौकशी चाललीय अजून," मी म्हणालो. सांगताना जीभ जराही अडखळली नाही.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष गेला. रोज सकाळी मी खाली निघालो की ती विचारायची, आणि रोज मी नाही म्हणायचो. मधूनमधून खरं वाटावं म्हणून तपशील पुरवायचो. अमक्या कंपनीत अंड्याचं कवच निघालं, तमक्यांनी पत्राला उत्तर दिलं नाही. ते सगळं खरंच होतं, फक्त शिळं होतं. माघ आला आणि गेला. दीक्षा वैशाखावर ढकलली गेली. मंदिरात माझं नाव झालं. आईच्या व्रताला बाध येऊ नये म्हणून पोरगा टूथपेस्टचंसुद्धा मूळ शोधतोय, असा मुलगा पाहिजे, असं विश्वस्त माझ्यासमोर म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मला काय हवं होतं? फार काही नाही. दुपारी पेशंट नसले की आई खाली येऊन बाकावर पोथी वाचत बसायची. मी आतून बाहेर आलो की चष्म्यावरून बघायची, "जेवलास?" म्हणायची. एवढंच. एवढ्यासाठी मी तिला अडकवून ठेवलं होतं, आणि मला त्याची शरम वाटत नव्हती. मनात म्हणायचो, मुलानं आईला घरात ठेवून घेणं हा काय गुन्हा आहे का? आणि कोण जाणे, आणखी वर्षभर गेलं तर तिचं मनही बदलेल.

फाल्गुनात एका दुपारी स्वरूपा खाली आली. ती सहसा दवाखान्यात येत नाही.

"आईंनी आज पुन्हा अन्न सोडलं," ती म्हणाली.

"पुन्हा म्हणजे?"

"या आठवड्यात तिसऱ्यांदा. गेला महिनाभर त्या सराव करतायत. अकरा वाजता पाटावर बसतात, ओंजळ धरतात, मी वाढते. आज चौथा घास घेतला आणि हातातल्या भाकरीला रक्त लागलेलं दिसलं. हात सोडले आणि उठल्या. पाणीही घेतलं नाही. आता उद्या अकरालाच."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. "मला का सांगितलं नाहीस?"

"त्यांनी सांगू दिलं नाही." स्वरूपानं माझ्याकडं सरळ बघितलं. तिला काही माहीत नव्हतं, तरी मला ती नजर सोसवेना. "म्हणाल्या, शीतल पेस्टसाठी जिवाचं रान करतोय. त्याला कळलं तर त्याला वाईट वाटंल."

मी वर गेलो. आई गॅलरीच्या सावलीत चटईवर बसली होती. ओठ सुकले होते. मला बघून तिनं जागा करून दिली, पाहुण्याला करून द्यावी तशी.

"तोंड उघड," मी म्हणालो.

"इथं?"

"इथंच."

डावीकडच्या हिरड्या लालभडक सुजल्या होत्या. मी दिवाळीनंतर साफ केलेल्या दातांवर पुन्हा थर बसला होता. "या बाजूला घासत नाहीस?"

"कळ येती. बोटसुद्धा लावून घेत न्हाई. तू ब्रश दिलास त्यानं तर नकोच."

म्हणून घाण साचली, म्हणून हिरड्या सुजल्या, म्हणून रक्त, म्हणून उपास. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल इतकं सरळ होतं ते. मी माझ्या आईला प्रेमानं उपाशी ठेवत होतो. मला माझी किळस आली.

"आई, पेस्ट मिळालीय."

तिचा चेहरा हलला. आनंदानं की कशानं, ते मला तेव्हा कळलं नाही. "कधी?"

आज म्हणता आलं असतं. काल म्हणता आलं असतं. "कार्तिकात," मी म्हणालो.

"कार्तिकात," ती म्हणाली. तिनं अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत नेला. "चार म्हयने."

"हो."

"पत्र आलं होतं?"

"सही-शिक्क्यासकट. खणात ठेवलं मी."

खाली रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या. ती त्यांच्याकडं बघत बसली. मी बोलणी खायची तयारी केली होती. लहानपणी खोटं बोललो की ती मारायची नाही, जेवायची नाही. आता तर ते हत्यारही तिच्याकडं उरलं नव्हतं, त्या दिवसाचं जेवण तिनं आधीच सोडलेलं.

"मी रोज सकाळी तुला विचारायचो," ती शेवटी म्हणाली. "मिळाली का म्हणून. तू न्हाई म्हणायचास. आणि मला बरं वाटायचं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"बरं वाटायचं रे. आजचा दिवस मिळाला, असं वाटायचं. तू खाली गेलास की मी इथं बसून स्वतःला बोल लावायचो. सगळं सोडलं आणि हे एक सुटत न्हाई म्हणून. माताजींना सांगितलं न्हाई. लाज वाटली." तिनं पदरानं चटईवरची धूळ झाडली. "तू एकट्यानं न्हाई केलंस ते. मला पण ती पेस्ट मिळायला नको होती."

हे सांगून तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती बघतच राहिली.

त्या बघण्याला आता आठ वर्षं झाली. त्या क्षणी 'मग राहा' एवढे दोनच शब्द मी बोललो असतो तर ती राहिली असती, याविषयी मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. कायमची राहिली असती की वर्षभर, ते सांगता येणार नाही. पण राहिली असती. शब्द माझ्या तोंडात तयार होते. आणि ती माझ्यासमोर कोरड्या ओठांनी बसली होती, चार हातांवर पाण्याचा माठ होता, आणि मी कितीही विनवण्या केल्या असत्या तरी उद्या अकरापर्यंत ती त्यातला थेंबही घेणार नव्हती. तिला मी घरात ठेवू शकत होतो. उरलेलं आयुष्य ती स्वतःला बोल लावत त्या चटईवर बसली असती, आणि मी चष्म्यावरून तिनं बघावं म्हणून बाहेर येत राहिलो असतो.

मी उठलो, खाली गेलो आणि ट्यूब घेऊन आलो. पत्रही आणलं. ते तिनं वाचलं, दोनदा, आणि पोथीत ठेवलं.

"किती घ्यायची?"

"हरभऱ्याएवढी. नवा ब्रश दिलाय, एकदम मऊ. जोर लावायचा नाही. घासून झालं की थुंकायचं, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही. ते द्रव्य दातावर बसू द्यायचं. सकाळी एकदा, आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत."

"आणि राखुंडी?"

"बंद."

"व्हय," ती म्हणाली. ट्यूब तिनं हातात फिरवून बघितली. मग अगदी हळू विचारलं, "मग तू..."

"आधी दात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिनं जेवून पाणी घेतल्यावर मी तिचे दात पुन्हा स्वच्छ केले. दोन आठवड्यांत कळ कमी झाली. तिसऱ्या आठवड्यात ती डावीकडंही घासायला लागली. हिरड्या बसल्या. महिन्याभरात माठातलं गार पाणी तिच्या दातांना लागेनासं झालं. स्वरूपा रोज वाढायची आणि खाली निरोप पाठवायची, आज पूर्ण झालं. पेशंटच्या तोंडात आरसा धरून मी तो निरोप ऐकायचो आणि मला आनंद व्हायचा. अगदी खरा आनंद व्हायचा, आणि त्याच्या पाठोपाठ वैशाखाला किती दिवस उरले ते मी मोजायचो.

दीक्षा वैशाखात झाली. मांडवात सगळ्यांसमोर विचारलं गेलं, कुटुंबाची संमती आहे का, आणि मी उठून आहे म्हणालो. पाहुणे रडले. त्याचा व्हिडिओ नातेवाइकांत अजून फिरतो, आणि शीतलनं किती खंबीरपणे सांगितलं असं लोक म्हणतात. त्यात खंबीर असं काही नव्हतं, ते सगळं आधीच होऊन गेलं होतं. आर्यिकेला पुरुषाचा हात लागत नाही, मग तो पोटचा मुलगा का असेना. दरवर्षी चातुर्मासात त्या जिथं असतील तिथं मी जातो. लांबून वंदन करतो. आहाराच्या वेळी लोक त्यांच्या ओंजळीकडं बघतात आणि मी तोंडाकडं बघतो. सहा वर्षं अंतराय दातांमुळं आला नाही. सातव्या वर्षी एक दात पडला. मला ते दुसऱ्यांकडून कळलं.

मांडवातल्या त्या प्रश्नाच्या बारा दिवस आधीची गोष्ट. चैत्र संपत आला होता. रविवार होता, दवाखाना बंद होता, खाली आम्ही दोघंच होतो. आई खुर्चीवर चढली. मी दिवा लावला.

हवेचा फवारा एकेका दातावर मारला. ती शांत पडून होती. गार पाण्यात बुडवलेला कापूस लावून बघितला, तिनं नुसतं 'न्हाई' अशा अर्थानं बोट हलवलं. हिरडीभोवती सगळीकडं सळई फिरवली. रक्त कुठंही आलं नाही. खाचा होत्या तिथंच होत्या, झिजलेला दात काही परत भरून येत नाही, पण उघडा भाग झाकला गेला होता. भरलेली दाढ पक्की होती. वरचे तेरा, खालचे तेरा. मी सगळे तपासले. काम दहा मिनिटांचं होतं आणि ते संपलं होतं.

"झालं?" तिनं उघड्या तोंडानंच विचारलं.

"थांब. एक राहिलाय."

एकही राहिला नव्हता. मी हातमोजे काढले. असं कधी करू नये असं मी स्वतः दवाखान्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगत आलोय. डाव्या हातानं तिची हनुवटी धरली आणि उजव्या हाताचं बोट तिच्या दातांवरून फिरवलं, शेवटच्या दाढेपासून पुढं, हळूहळू. तिनं डोळे मिटून घेतले होते. वरच्या दिव्याच्या उजेडात तिच्या पापण्या ओल्या दिसत होत्या, पण तो दिवा फार प्रखर असतो, पुष्कळांच्या डोळ्यांतून पाणी येतं.

"झालं, आई," मी म्हणालो. "बरे झाले. सगळे बरे झाले."

माझी संमती ती एवढीच. मी खुर्चीचं बटण दाबून पाठ वर घेतली. ती उतरेना. हात मांडीवर ठेवून तशीच बसली.

"नीट बघितलंस?" तिनं विचारलं.

"बघितले."

"तरी पण," आई म्हणाली, "परत एकदा सगळे बघ." आणि मागं टेकून तिनं तोंड उघडलं.

मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.